एक धरण, दोन नळ: पुण्यातला जीबीएसचा उद्रेक, २०२५

जानेवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांतल्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे एकाच तऱ्हेचे रुग्ण येऊ लागले. आधी पायांत मुंग्या, मग जिना चढता येईना, मग उठून बसता येईना. काहींना घास गिळवेना, काहींना श्वास पुरेना. निदान होतं गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. एरवी क्वचित दिसणारा हा आजार आता एका शेजारी एक खाटांवर दिसत होता. २१ जानेवारीला नोंदीत २४ संशयित रुग्ण होते आणि त्यांतले बरेचसे सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी या पट्ट्यातले होते. त्याच दिवशी राज्य शासनाने शीघ्र प्रतिसाद पथक नेमलं. दुसऱ्या दिवशी आकडा ५९ वर गेला, २६ तारखेला १०१ वर.

मार्चच्या सुरुवातीला सरकारी हिशेब असा होता: एकूण २२५ रुग्ण, त्यांपैकी १९७ निश्चित निदानाचे आणि १२ मृत्यू (सहा निश्चित, सहा संशयित). पत्त्यांप्रमाणे विभागणी केली तर पुणे महापालिकेच्या जुन्या हद्दीत ४६, महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेल्या गावांत ९५, पिंपरी-चिंचवडमध्ये ३३, पुणे ग्रामीणमध्ये ३७ आणि इतर जिल्ह्यांतले १४. या पाच आकड्यांतला दुसरा आकडा नीट वाचला की या प्रकरणाचा निम्मा उलगडा होतो. बाकी निम्म्यासाठी पाण्याच्या वाटेने जावं लागतं.

संसर्गजन्य नसलेल्या आजाराची साथ

जीबीएस एकाकडून दुसऱ्याला होत नाही. आरोग्य अधिकारी हे त्या दिवसांत रोज सांगत होते आणि ते खरंच होतं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, हा आजार. पण ती उलटायला काहीतरी निमित्त लागतं. सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांना आधीच्या काही आठवड्यांत जुलाब किंवा सर्दी-खोकला होऊन गेलेला असतो. या निमित्तांत सगळ्यात ठळक नाव आहे कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूचं. त्याच्या आवरणातले काही घटक माणसाच्या नसांवरच्या घटकांसारखे दिसतात. जिवाणूला मारायला तयार झालेली प्रतिपिंडं मग नसांवरही चाल करून जातात. जुलाब आणि पायांतली कमजोरी यांच्यात साधारण एक ते तीन आठवड्यांचं अंतर असतं. पुण्यातल्या रुग्णांच्या शौचाच्या काही नमुन्यांत राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरसही सापडला.

म्हणजे ज्याला वर्तमानपत्रं ‘जीबीएसची साथ’ म्हणत होती ती प्रत्यक्षात जुलाबांची साथ होती. ती डिसेंबरअखेर आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात घडून गेली होती आणि तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नव्हतं. सिंहगड रस्त्यावर दोन दिवस पोट बिघडलेला माणूस मेडिकलमधून गोळ्या घेतो, ओआरएस पितो, फार तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जातो. तो कुठल्याच सरकारी रकान्यात येत नाही. महापालिकेला आकडा दिसला तो थेट अतिदक्षता विभागातल्या लोकांचा.

इथे आपल्या यंत्रणेतली एक गंमत नोंदवायला हवी. पोलिओ निर्मूलनामुळे भारतात पंधरा वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला की त्याची एएफपी म्हणून नोंद होते आणि शौचाचे नमुने जातात. जीबीएस झालेलं मूल या जाळ्यात आपोआप सापडतं. सोळा वर्षांचा मुलगा सापडत नाही, तीस वर्षांची बाई सापडत नाही. उद्रेक कळायला म्हणूनच एखादा रकाना उपयोगी पडला नाही. खासगी रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी एकमेकांत बोलून, हे काहीतरी वेगळं आहे असं महापालिकेला कळवलं, तेव्हा कळलं. डॉक्टरांच्या सजगतेचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण साथरोग सर्वेक्षणाचा सगळा भार अशा फोनवर टाकणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

आकडे कसे वाचायचे

२४, ५९, १०१ ही चढण पाहून शहरात घबराट पसरली. रोज संध्याकाळी नवा आकडा, रोज सकाळी त्याचा मथळा. पण ही चढण आजाराची होती की शोधाची? २१ तारखेनंतर सर्व रुग्णालयांना माहिती कळवायला सांगितलं गेलं. आधीच दाखल असलेले, दहा-बारा दिवसांपूर्वी लक्षणं सुरू झालेले रुग्ण तेव्हा एकदम यादीत आले. नोंदीच्या तारखेचा आलेख काढला तर साथ २१ जानेवारीला सुरू झाल्यासारखी दिसते. लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेचा आलेख काढायचा असतो, आणि जीबीएसच्या बाबतीत तेवढ्यावरही थांबायचं नसतं. प्रत्येक रुग्णाला ‘पोट कधी बिघडलं होतं’ हे विचारून ती तारीख वेगळ्या रकान्यात घ्यायची असते. त्या रकान्याचा आलेख दूषित पाण्याचे किंवा दूषित अन्नाचे दिवस दाखवतो. पायांतल्या मुंग्यांची तारीख फक्त उशिरा मिळालेली पावती असते.

दुसरा हिशेब पार्श्वभूमीचा. जगभरात जीबीएसचं प्रमाण वर्षाला दर लाखी साधारण एक ते दोन असतं. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांच्या वर होती, आज ती त्याहून बरीच जास्त आहे. कोटीभर लोक धरले तर साथ नसतानाही जिल्ह्यात वर्षाला शंभर ते दोनशे रुग्ण होणार, म्हणजे महिन्याला आठ ते सोळा. हे रुग्ण एरवी कुणी मोजत नाही. मोजायला बसलं की तेही २२५ मध्ये येऊन बसतात. पिंपरी-चिंचवड किंवा दूरच्या तालुक्यातल्या एकेका रुग्णाला साथीचाच मानायचं की नेहमीचा, हे ठरवणं त्यामुळे अवघड होतं. समाविष्ट गावांबद्दल मात्र अशी शंका उरत नाही. तिथली लोकवस्ती पाच लाख धरून वर्षाला पाच ते दहा रुग्ण अपेक्षित मानले, तरी दोन महिन्यांत ९५ हा आकडा योगायोगाचा असूच शकत नाही.

तिसरा हिशेब मला जास्त छळतो. कॅम्पायलोबॅक्टरच्या सुमारे हजार रुग्णांमागे एकाला जीबीएस होतो, असं पुस्तकं सांगतात. काही अभ्यास तर हे प्रमाण त्याहूनही कमी सांगतात. तो नियम इथे शब्दशः लावला तर ९५ रुग्णांमागे लाखभर लोकांना संसर्ग झाला असं म्हणावं लागेल. तेवढ्या लोकांचं पोट एका पट्ट्यात बिघडलं असतं तर ते लपून राहिलं नसतं. तेव्हा एक शक्यता उरते ती ही, की नसांवर उलटणारी प्रतिकारशक्ती जागी करण्यात हा वाण नेहमीपेक्षा तरबेज होता. असं पूर्वी घडलेलं आहे. पेरू देशात २०१९ मध्ये जीबीएसचा मोठा उद्रेक झाला तेव्हा कॅम्पायलोबॅक्टर जेजुनीचा एक विशिष्ट जनुकीय प्रकार सापडला होता. २०२३ मध्ये तिथे पुन्हा रुग्ण वाढले आणि सरकारने राष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली. म्हणून अशा उद्रेकात ‘जिवाणू सापडला’ एवढ्यावर प्रयोगशाळेचं काम संपत नाही. तो जिवंत वाढवून त्याचा प्रकार ठरवावा लागतो.

आणि हे काम कठीण असतं. कॅम्पायलोबॅक्टर नाजूक आहे. त्याला कमी ऑक्सिजन आणि ४२ अंशांच्या आसपासचं तापमान लागतं, वाहतुकीत तो मरतो, आणि नेहमीच्या प्रयोगशाळा त्याच्या वाटेला जात नाहीत. शिवाय माणूस लुळा पडून दाखल होतो तेव्हा जुलाब होऊन दहा-पंधरा दिवस झालेले असतात, बहुधा एखादं प्रतिजैविकही पोटात गेलेलं असतं. नमुना निर्जंतुक आला म्हणजे जिवाणू नव्हता असं नाही. रक्तातली प्रतिपिंडं तपासायची तर रक्त इम्युनोग्लोब्युलिन हे जीबीएसवरचं औषध देण्याआधी घ्यावं लागतं, कारण त्या बाटलीत हजारो दात्यांची प्रतिपिंडं असतात आणि ती नंतरचा अहवाल बिघडवतात. शीघ्र प्रतिसाद पथकाने रुग्णालयांना पाठवायच्या पहिल्या सूचनेत हे एक वाक्य असायलाच हवं. रात्री दोन वाजता रुग्ण व्हेंटिलेटरवर जात असताना निवासी डॉक्टरला ते आपणहून आठवणार नाही.

नांदेडची विहीर

आता पाण्याच्या वाटेने.

पुणे महापालिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आली आणि जून २०२१ मध्ये आणखी २३. धायरी पहिल्या यादीतली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी दुसऱ्या. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगतो की हे नांदेड मराठवाड्यातलं नव्हे, सिंहगड रस्त्यालगतचं नांदेड गाव. ही नावाला गावं. प्रत्यक्षात दहा-बारा मजली इमारती, गृहप्रकल्प, भाड्याच्या खोल्यांत राहणारे विद्यार्थी आणि नोकरदार. मिळकतकर शहराचा, नळ मात्र ग्रामपंचायतीच्या काळातला.

पुण्याच्या जुन्या हद्दीला खडकवासला धरणाचं पाणी मिळतं ते पर्वती, वडगाव, लष्कर अशा जलशुद्धीकरण केंद्रांतून गाळून, निर्जंतुक होऊन. वडगाव केंद्र तर सिंहगड रस्त्यालगतच आहे. नांदेड गावातल्या मोठ्या विहिरीतही पाणी त्याच धरणातून येत होतं, पण ते कुठल्याही शुद्धीकरण केंद्रातून जात नव्हतं. धरणातून विहिरीत, विहिरीत क्लोरीन, तिथून पंपाने टाक्यांत आणि नळांत. तोवरचे जवळपास ८० टक्के रुग्ण या विहिरीच्या परिसरातले आहेत, असं आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी पाहणीनंतर सांगितलं.

नुसतं क्लोरीन टाकून पाणी देणं यात नक्की काय खटकतं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण या विषयावरच्या चर्चेत नेमका हाच भाग घाईने उरकला जातो.

कॅम्पायलोबॅक्टर क्लोरीनला चिवट नाही. पुरेसा क्लोरीन आणि अर्धा तास मिळाला तर तो मरतो. अडचण आहे ती ‘पुरेसा’ आणि ‘अर्धा तास’ या दोन शब्दांत. गाळलेल्या पाण्यात टाकलेला क्लोरीन जंतूंवर खर्च होतो. गढूळ पाण्यात तो आधी मातीवर, शेवाळावर, सडलेल्या पाल्यावर खर्च होतो आणि जंतूंच्या वाट्याला उरलासुरला येतो. मातीच्या कणांआड लपलेले जंतू वाचतात ते वेगळंच. शुद्धीकरण केंद्रात तुरटी, निवळण आणि वाळूचे थर हे काम आधी करून ठेवतात. म्हणून तिथे क्लोरीनचा डोस दिवसेंदिवस साधारण सारखा ठेवता येतो. विहिरीवरच्या माणसाला तो डोस पाण्याचा रंग बदलला की बदलावा लागतो. त्याच्या हातात टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं पोतं असेल तर आणखी एक भानगड. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, दमट खोलीत राहिलं, की तो उडून जातो. पावडरीचा वास येतो, रंग पांढराच असतो, रजिस्टरमध्ये ‘इतके किलो टाकले’ हेही खरं असतं, आणि पाण्यात क्लोरीन नसतो.

पुढे पाणी नळाने निघतं. मानकांप्रमाणे ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा, साथीच्या काळात ०.५. विहिरीजवळच्या पहिल्या नळाला तो मिळतो आणि सगळे खूश असतात. तपासायचा असतो शेवटचा नळ. पाणी रोज काही तासच सुटतं, बाकी वेळ नळ रिकामे असतात. रिकाम्या नळात दाब नसतो आणि शेजारून फुटकं ड्रेनेज जात असेल तर सांध्यांतून घाण आत ओढली जाते. मग पाणी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पडतं. ती टाकी कधी धुतली हे सचिवांना आठवत नाही. तिथून गच्चीवर, गच्चीवरून स्वयंपाकघरात. ओटी टेस्टच्या (पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते रंगावरून दाखवणाऱ्या चाचणीच्या) नळीत पिवळा रंग दिसला की नाही हे विहिरीवर, पहिल्या नळाला, शेवटच्या नळाला आणि स्वयंपाकघरात, अशा चार ठिकाणी पाहिलं तर क्लोरीन कुठे संपतो ते तासाभरात कळतं. ही तपासणी पाचवी-सहावीतली मुलंही करू शकतात इतकी सोपी आहे. आणि रोज करायला इतकी कंटाळवाणी, की ती टिकवून धरणं हेच स्थानिक आरोग्य यंत्रणेचं खरं कसब.

जलाशयाची बाजूही आहेच. खडकवासल्याभोवती गेल्या काही वर्षांत वस्ती, फार्महाऊस, रिसॉर्ट, हॉटेलं वाढली आणि त्यांतलं बरंच सांडपाणी प्रक्रियेविना जलाशयात जातं, ही तक्रार पुण्यात जुनी आहे. ज्या काळी विहिरीत नुसता क्लोरीन टाकून भागत होतं त्या काळचं ते पाणी आता राहिलेलं नाही.

कोंबडी, जार, टँकर, पनीर

साथ आली की लोक खाण्यातला आरोपी शोधतात. या वेळी पहिली संशयित कोंबडी ठरली. ते निराधारही नव्हतं. कॅम्पायलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतो आणि युरोप-अमेरिकेत माणसाला तो बहुधा कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या कोंबडीतून होतो. खडकवासला पट्ट्यात कुक्कुटपालन आहे. पशुसंवर्धन विभागाने नमुने घेतले, सरकारने ‘मांस नीट शिजवा’ असं सांगितलं. पुढे पनीर, चीज आणि भातही टाळा असा सल्ला समाजमाध्यमांवर फिरला. भात! पुण्यात, जानेवारीत.

पण आपल्याकडची कोंबडी शिजते कशी, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. रस्सा उकळून, मसाल्यात परतून, तासभर चुलीवर. त्यात हा जिवाणू टिकत नाही. धोका असेल तर तो कच्चं मांस कापलेल्या सुरीने कोशिंबीर चिरण्यात. त्याहून मोठा प्रश्न नकाशाचा आहे. कोंबडी साऱ्या पुण्यात विकली जाते आणि खाल्ली जाते. दोषी तीच असती तर रुग्ण कोथरूड, हडपसर, कॅम्पातही त्याच प्रमाणात दिसायला हवे होते. शाकाहारी घरांत एकही नसायला हवा होता. एका पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात रुग्ण दाटतात तेव्हा आधी पाण्याकडे बघावं, हे १८५४ मध्ये लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याच्या वेळी दाखवून दिलेलं आहे. कोंबडीचा संबंध आलाच असेल तर तो मला वेगळ्या वाटेने आलेला जास्त पटतो: विष्ठा ओढ्यातून जलाशयात आणि जलाशयातून विहिरीत. त्या वाटेवर बंदोबस्त करायचा तर ताटात नव्हे, पाण्यातच करावा लागतो.

जारचं पाणी हा भाग जास्त गुंतागुंतीचा. नळाचं पाणी गढूळ येतं म्हणून लोक आरओ प्लांटवर जातात, वीस लिटरचा जार घेतात आणि निर्धास्त होतात. महापालिकेने या पट्ट्यातल्या खासगी प्लांटच्या पाण्याचे नमुने तपासले तेव्हा अनेकांत कोलिफॉर्म, काहींत ई. कोलाय (पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे जिवाणू) सापडले, आणि सुमारे तीस प्लांट बंद करण्यात आले. टँकर भरण्याच्या काही ठिकाणीही पाणी दूषित निघालं. आरओ यंत्र पाणी गाळतं हे खरं. पण आधी कार्बनच्या थरातून क्लोरीनही काढून टाकतं. बाहेर पडणाऱ्या पाण्यात राखण करणारं काहीच उरत नाही. ते न धुतलेल्या जारमध्ये भरलं, चार माणसांनी त्यात हात बुडवून ग्लास काढला, की झालं. बाटलीबंद पाण्याला मानकं आहेत, परवाना आहे. सुट्या जारच्या थंड पाण्याला बरीच वर्षं ना कुणी धड परवाना दिला ना कुणी तपासलं. उद्रेकाने हे उघड केलं ते बरं झालं. पण प्लांट बंद केले त्या दिवशी तिथल्या लोकांना पर्यायी पाणी कोणतं, हा प्रश्न त्याच आदेशात सुटायला हवा होता. ‘उकळून प्या’ हे उत्तर स्वयंपाकाचा गॅस असलेल्या बिऱ्हाडाला चालतं, पीजीतल्या सहा मुलांना चालत नाही.

दारोदार

महापालिका, पिंपरी-चिंचवड आणि जिल्हा परिषद या तिन्ही यंत्रणांनी हजारो घरांना भेटी दिल्या. केंद्र सरकारने दिल्लीची एनसीडीसी (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र), बंगळुरूची निम्हान्स (मेंदू आणि मनोविकारांची राष्ट्रीय संस्था) आणि पुण्याचीच एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) यांतल्या तज्ज्ञांचं पथक दिलं. पण पथकं कितीही मोठी आली तरी दारावरची बेल आशाताई आणि परिचारिकाच वाजवतात, आणि त्यांच्या हातातल्या कागदावर काय छापलंय यावर सगळं अवलंबून असतं.

‘घरात कुणाला जीबीएसची लक्षणं आहेत का’ एवढंच विचारलं तर हजार घरांमागे शून्य उत्तरं येतात, कारण ज्याचे पाय गेले तो आधीच रुग्णालयात आहे. विचारायचं ते असं: गेल्या महिन्यात कुणाला जुलाब झाले? कोणत्या तारखेला? प्यायचं पाणी नळाचं, जारचं की टँकरचं? जार कुठल्या प्लांटचा? पाणी उकळता का? आणि हेच प्रश्न ज्या घरात काहीच झालं नाही तिथेही विचारायचे. आजारी घरांत दहापैकी नऊ जण विहिरीचं पाणी पितात हे ऐकायला जबरदस्त वाटतं; पण शेजारच्या निरोगी घरांतही दहापैकी नऊ तेच पीत असतील तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. तुलना नसेल तर सर्वेक्षण हा नुसता पायी केलेला प्रवास ठरतो. आशाताईंना एका घरामागे पाच मिनिटं मिळतात. त्यांत सहा प्रश्न बसतात, सोळा बसत नाहीत. म्हणून ते सहा कोणते, हे ठरवायला वरिष्ठांनी एक आख्खी दुपार घालवली तरी ती सत्कारणी लागते.

भाडेकरूंची अडचण वेगळी. हा पट्टा विद्यार्थ्यांचा आणि नव्या नोकरदारांचा. दुपारी कुलूप, संध्याकाळी कंटाळा, आणि बरं वाटेनासं झालं की पोरगं बस पकडून गावी. पुण्यात पाणी पिऊन दुसऱ्या जिल्ह्यात आजारी पडलेले रुग्ण होतेच. पहिला संशयित मृत्यू नोंदला गेला तो सोलापुरात. स्थानिक यंत्रणेची हद्द पाण्याच्या हद्दीशी जुळत नाही आणि माणसांच्या हद्दीशी तर नाहीच नाही. इतर जिल्ह्यांतल्या त्या १४ रुग्णांना ‘गेल्या महिन्यात पुण्यात होतात का’ हे विचारणारं कुणीतरी तिथल्या जिल्हा रुग्णालयात असावं लागतं.

उपचारांबद्दल थोडक्यात, कारण तो रुग्णालयांचा प्रांत. इम्युनोग्लोब्युलिन किलोमागे दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून द्यायचं असतं. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या, खर्च लाखांत. दुसरा पर्याय प्लाझ्मा बदलण्याचा, तोही तितकाच गुणकारी, पण त्याला यंत्र आणि सराव लागतो. महापालिकेने कमला नेहरू रुग्णालयात खाटा राखून ठेवल्या, ससूनमध्ये रुग्ण घेतले गेले, जनआरोग्य योजनेतून मदत दिली गेली. २२५ रुग्णांत १२ मृत्यू म्हणजे शंभरात पाच, या आजाराच्या जगभरच्या मृत्युदराच्या आसपासच. हजारो रुपयांची एक बाटली आणि काही रुपयांचं क्लोरीन, यांच्यातला हिशेब ज्याचा त्याने करावा.

जमलं काय, राहिलं काय

मला पटलेल्या गोष्टी दोन. एक म्हणजे प्रयोगशाळेचा अंतिम अहवाल हातात येण्याची वाट न पाहता पाण्यावर कारवाई सुरू झाली. क्लोरीन वाढवायला जिवाणूचं नाव कळावं लागत नाही. दुसरी म्हणजे रुग्णसंख्या रोज जाहीर होत राहिली आणि समाविष्ट गावांचा आकडा वेगळा दाखवला गेला. तो ‘पुणे महापालिका’ या एका ओळीत मिसळून टाकता आला असता. मिसळला असता तर १४१ चा एक आकडा उरला असता आणि त्यातून काहीच दिसलं नसतं.

न पटलेली गोष्ट खात्यांच्या भिंतींची. आपल्या महापालिकांत पाणी हे पाणीपुरवठा विभागाचं आणि जुलाब हे आरोग्य विभागाचे. एकाकडे क्लोरीनचं रजिस्टर, दुसऱ्याकडे रुग्णांचं. दोन्ही रजिस्टरं शेजारी ठेवून कुणी पाहत नाही, साथ आल्यावर मात्र दोन्ही खात्यांचे प्रमुख एका गाडीतून विहीर पाहायला जातात. या विहिरीवर शुद्धीकरण केंद्र नाही ही गोष्ट गुप्त नव्हती. गावं समाविष्ट झाली त्या दिवसापासून ती कागदावर होती. केंद्र बांधायला वर्षं लागतात हे मान्य. पण ते होईपर्यंत या क्षेत्राला धोक्याचं क्षेत्र मानून तिथले जुलाबाचे रुग्ण वेगळे मोजायला वर्षं लागत नाहीत. त्या पट्ट्यातले दहा-बारा खासगी डॉक्टर आणि चार-पाच औषधवाले धरायचे. आठवड्याला एक फोन, एकच प्रश्न: जुलाबाचे किती आले, ओआरएस किती खपलं? हा आकडा एका आठवड्यात दुप्पट झाला की शेवटच्या नळावर ओटी टेस्ट करायला माणूस पाठवायचा. असं झालं असतं तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच कुणीतरी विहिरीवर पोहोचलं असतं, असं मी म्हणतो. सगळे रुग्ण टळले असते असं म्हणत नाही, कारण तोवर बऱ्याच जणांच्या पोटात ते पाणी गेलेलं असणार.

आणखी एक गोष्ट राहते ती रुग्णालयातून घरी गेलेल्यांची. साथरोगाची यादी ‘डिस्चार्ज’ या शब्दापाशी संपते, कारण कॉलरा किंवा डेंग्यूचा माणूस तिथे बरा झालेला असतो. जीबीएसमध्ये तसं नसतं. शंभरातले साधारण वीस जण सहा महिन्यांनीही आधाराशिवाय चालू शकत नाहीत. जे चालू शकतात त्यांनाही थकवा आणि पायांतल्या वेदना वर्षभर पुरतात. पुण्याच्या २२५ रुग्णांत कॉलेजात जाणारे आहेत, घरचे एकटे कमावते आहेत. त्यांना हवी आहे आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी, तीही घराजवळ, कारण रिक्षाने ससूनपर्यंत जाण्यातच दिवस आणि पैसे संपतात. महापालिकेच्या दवाखान्यांत फिजिओथेरपिस्ट बसवायचा तर तो कोणत्या दवाखान्यात, हे त्याच यादीतल्या पत्त्यांवरून ठरवता येतं. त्यासाठी यादीत फक्त एक रकाना वाढवावा लागेल: सहा महिन्यांनी आधाराशिवाय चालतो का, हो किंवा नाही. आणि तो भरायला आशाताईंना पुन्हा त्याच दारावर जावं लागेल, या वेळी मथळे नसताना.